एका इंचात छत्तीस आटे

दिवा पूर्वेच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान प्रदर्शनाचे परीक्षक म्हणून आम्ही दोघे सहकारी गेलो होतो. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात तीन सूक्ष्मदर्शक एका बाजूला काढून ठेवलेले दिसले. शेजारी डेडस्टॉक रजिस्टर उघडे होते आणि त्यात 'निर्लेखन प्रस्तावित' असा शेरा होता. आम्ही विज्ञानाच्या बाईंना विचारले, "काय झालंय यांना?" त्या म्हणाल्या, "आटे गेलेत, सर."

भिंगे चांगली होती. आरसा, मंच, फोकसची चाके, सगळे जागेवर होते. बिघाड होता तो वस्तुभिंगे बसवायच्या फिरत्या चकतीत. कोणी तरी मोठे वस्तुभिंग तिरपे लावून जोराने फिरवले होते आणि चकतीच्या भोकातले पितळी आटे खाल्ले गेले होते. आता भिंग धरून ठेवले तर प्रतिमा दिसे, हात सोडला की भिंग झुके. यंत्र अंबाल्याचे, बरेच जुने. तसली चकती आता मिळत नव्हती. एवढ्याशा आट्यांपायी तीन सूक्ष्मदर्शक भंगारात जाणार होते. शाळेकडे एकूण पाचच होते, आणि नववीच्या एका तुकडीत साठाच्या वर मुले.

आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, "त्यात काय? झिजलेले भोक मोठे करायचे, पितळेचे बुश बसवायचे, त्यात नवे आटे पाडायचे. कोणताही लेथवाला करून देईल." बाईंनी एक चकती आणि एक वस्तुभिंग आमच्या हवाली केले. पुढचे दोन महिने आम्ही जे शिकलो ते आमच्या पदव्यांच्या काळात कोणी शिकवले नव्हते.

दिवा-शीळ रस्त्यालगतच्या एका गाळ्यात साठीच्या घरातले एक लेथवाले काका भेटले. आयटीआयचे टर्नर. ठाण्याच्या एका कारखान्यात तीस वर्षे नोकरी करून, तो बंद झाल्यावर त्यांनी एक जुना लेथ घेऊन स्वतःचे काम सुरू केले होते. त्यांनी विचारले, "व्यास किती, पिच किती?" व्यास आम्ही व्हर्नियरने मोजला होता, २०.३ मिलिमीटरच्या आतबाहेर. पिच मोजली होती पट्टीने. पाच मिलिमीटरमध्ये साधारण सात आटे दिसत होते, म्हणजे ०.७ च्या आसपास. तक्त्यात ०.७ मिलिमीटर पिच आहे, पण ती चार मिलिमीटरच्या बारीक स्क्रूची. एवढ्या मोठ्या व्यासाला ०.७५ असणार, असा आम्ही तर्क केला आणि तसे लिहून दिले. काकांनी बुश कातून दिले. भिंग दोन आटे छान गेले, तिसऱ्याला घट्ट झाले, तिथेच अडकले. चूक काकांची नव्हती, आमची होती.

काकांनी भिंग हातात घेतले, उजेडाकडे धरले आणि खणातून एक जुने पिच गेज काढले. दातेरी पात्यांचा चाकूसारखा गुच्छ असतो तो. मिलिमीटरच्या गुच्छातले एकही पाते बसत नव्हते. मग त्यांनी दुसरा, इंचाचा गुच्छ काढला. ३६ आकडा कोरलेले पाते चपखल बसले. पात्यामागून उजेडाची रेघही दिसेना. काका म्हणाले, "सर, हे इंचातलं आहे. एका इंचात छत्तीस आटे. पण असलं बोल्टाला कधी पाहिलं नाही मी."

कुठून आले हे छत्तीस? त्याचा माग काढताना आम्हाला दीडशे वर्षांहून जुन्या एका करारापर्यंत जावे लागले.

मळसूत्र आणि त्याचे मोजमाप

स्क्रूला मराठीत जुना शब्द आहे मळसूत्र. गोल दांड्याभोवती उताराची एक पट्टी गुंडाळली की मळसूत्र होते. वर्गात दाखवायचे तर कागदाचा काटकोन त्रिकोण कापा आणि पेन्सिलीभोवती गुंडाळा. कर्णाची रेघ आट्यासारखी वर चढत जाईल. एका पूर्ण फेऱ्यात ती जेवढी वर चढते ती पिच. मायक्रोमीटर स्क्रू गेजमध्ये ही पिच बहुधा अर्धा मिलिमीटर असते आणि टोपणावर ५० भाग असतात, म्हणून लघुत्तम माप ०.०१ मिलिमीटर येते, हे मुलांना पाठ असते. पण तिथली पिच अचूक अर्धा मिलिमीटरच असेल याची खात्री कोणी दिली, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

अचूक स्क्रू बनवायला अचूक यंत्र लागते, आणि त्या यंत्रात आधीच एक अचूक स्क्रू लागतो. हा पेच अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या कारागिरांनी हळूहळू सोडवला. वर्तुळाचे अंश आखणारे यंत्र करणाऱ्या जेसी रॅम्सडेनने एका स्क्रूवरून दुसरा, अधिक चांगला, असे टप्पे घेतले. त्यानंतर हेन्री मॉडस्लेने सुमारे १८०० साली आजच्या लेथचा पूर्वज उभा केला. जॉब फिरवणारे स्पिंडल आणि टूल सरकवणारा लांब लीड स्क्रू यांच्यामध्ये त्याने बदलता येणारी दातेरी चाके घातली. चाके बदलली की त्याच एका लीड स्क्रूवरून वेगवेगळ्या पिचचे आटे पडू लागले. मॉडस्लेने बनवलेला एक स्क्रू पाच फूट लांब, दोन इंच जाड होता आणि त्यात इंचाला ५० आटे होते. त्याचे नट एक फूट लांब, म्हणजे नटात ६०० आटे! हे त्या काळी, हातात कानस असलेल्या माणसांनी.

अडचण आता वेगळीच झाली. चाके बदलून कोणतीही पिच काढता येते म्हटल्यावर जो तो आपली पिच काढू लागला. प्रत्येक कारखान्याचा बोल्ट निराळा. एका कारखान्याचे यंत्र बिघडले तर शेजारच्या कारखान्याचा नट चालत नसे. एखाद्या यंत्राचा बोल्ट तुटला म्हणजे त्याच यंत्राच्या कर्त्याकडे जाणे आले.

व्हिटवर्थची सरासरी

मॉडस्लेच्या हाताखाली काही काळ काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे एक निबंध वाचला. विषय होता स्क्रूच्या आट्यांची एकसारखी पद्धत. त्याने इंग्लंडभरच्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, मोजले आणि त्यांच्यामधले एक माप निवडले. आट्यांच्या दोन उतारांमधला कोन निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळा होता. त्याची सरासरी काढून त्याने ५५ अंश ठरवला. पाव इंची बोल्टाला इंचामागे २० आटे, तीन अष्टमांश इंचाला १६, अर्ध्या इंचाला १२, एक इंचाला ८. आट्याचा माथा आणि तळ गोलसर.

५५ अंशांत निसर्गाचा काही नियम नाही, हे आम्हाला मुद्दाम सांगावेसे वाटते. विज्ञानाच्या तासाला आपण स्थिरांक शिकवतो. प्रकाशाचा वेग कोणाच्या सोयीने ठरलेला नसतो. व्हिटवर्थचा कोन मात्र निव्वळ समझोता आहे. त्याचे बळ ५५ या आकड्यात नाही, तो सगळ्यांनी मान्य केला यात आहे.

सूक्ष्मदर्शकांची गोष्ट त्याच सुमाराची. लंडनमध्ये १८३९ साली सूक्ष्मदर्शकप्रेमींची एक सोसायटी निघाली (पुढे १८६६ मध्ये तिला शाही सनद मिळाली). त्या वेळी उत्तम सूक्ष्मदर्शक बनवणारी दोन-तीन मोठी दुकाने लंडनमध्ये होती आणि प्रत्येकाचे आटे निराळे होते. एकाचे वस्तुभिंग दुसऱ्याच्या नळीला लागत नसे. सोसायटीने समिती नेमली आणि १८५८ साली एक माप जाहीर केले: व्यास इंचाचा आठ दशांश, आटे इंचाला ३६, कोन व्हिटवर्थचा ५५ अंश. मिलिमीटरमध्ये व्यास २०.३२ आणि पिच ०.७०५६. आमची ०.७५ आणि ही ०.७०५६ यांत प्रत्येक आट्याला ०.०४४ मिलिमीटरचा फरक. तिसऱ्या आट्यापर्यंत तो एवढा साचला, की भिंग अडकणारच होते.

इतके बारीक आटे का, तेही पाहू. वस्तुभिंगाची नळी पातळ असते. वीस मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टाची पिच २.५ मिलिमीटर असते आणि आटे सुमारे दीड मिलिमीटर खोल. तेवढे खोल आटे पातळ नळीत पाडायला गेलो तर नळीच कापली जाईल. छत्तीसच्या आट्याची खोली अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, ०.४५ मिलिमीटर. बोल्टाच्या तक्त्यात न बसणारी पिच निवडण्यामागे बहुतेक वेळा असेच साधे कारण असते: भिंत पातळ आहे, किंवा फार हळू पुढे सरकवायचे आहे, किंवा जागाच थोडी आहे.

दिव्याच्या रुळांवरून

व्हिटवर्थचा इंच इकडे कसा पोचला हे दिव्यात वेगळे सांगायला नको. बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली आणि १ मे १८५४ रोजी ती खाडी ओलांडून, मुंब्र्याच्या डोंगराला वळसा घालून कल्याणला गेली. पारसिकचा लांब बोगदा १९१६ चा, तो नंतरचा. रेल्वे आली, मागोमाग गिरण्या, गोदी, छापखाने आले. यंत्रे ब्रिटनची, म्हणून बोल्टही व्हिटवर्थचे आणि पानेही व्हिटवर्थचे.

आपल्या मिस्त्रींनी ते आपल्या भाषेत घेतले. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. पाव इंची बोल्ट म्हणजे दोन सुती, तीन अष्टमांशाचा तीन सुती, अर्ध्या इंचाचा चार सुती. इंग्रजी अपूर्णांकांचा छळ एका शब्दात मिटला. भारतात मोजमापांचा कायदा १९५६ साली झाला, १९५७ च्या एप्रिलपासून नवे पैसे आले आणि पुढच्या काही वर्षांत मीटर-किलोग्रॅम रुळले. स्क्रूंसाठी मिलिमीटरची भारतीय मानकेही झाली. पण हार्डवेअरच्या दुकानात "तीन सूतचा बोल्ट द्या" ही मागणी अजून ऐकू येते, आणि दुकानदार न गोंधळता तो देतो.

गोंधळ होतो तो दोन्ही एका डब्यात पडले की. तीन सुती व्हिटवर्थ बोल्टाचा व्यास ९.५२५ मिलिमीटर, पिच १.५८७५. दहा मिलिमीटरच्या मेट्रिक नटाची पिच १.५. हा बोल्ट त्या नटात तीन-चार आटे सहज जातो, थोडा सैल वाटतो, मग अडतो. 'घट्ट बसला' असे वाटून पान्याने आणखी जोर केला की आटे चिरडतात. वरून जोड पक्का दिसतो, आत सगळा भार एखाद-दुसऱ्या आट्यावर असतो. शाळेतल्या बाकांपासून पाण्याच्या टाकीच्या घोड्यापर्यंत असे जोड आपण रोज पाहतो.

मोठ्या प्रमाणावर हे घडले ते अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात. ७ फेब्रुवारी १९०४ रोजी तिथे आग लागली. वॉशिंग्टनहून आणि इतर शहरांहून बंब रेल्वेने धावले, पण त्यांच्या होजचे आटे बाल्टिमोरच्या पाण्याच्या खांबांना लागेनात. पाणी होते, बंब होते, माणसे होती, आटे नव्हते. तीस तासांच्या आगीत दीड हजारांवर इमारती गेल्या. मग चौकशी झाली तेव्हा त्या देशात होजच्या जोडांचे सहाशेहून अधिक प्रकार निघाले.

अमेरिकेने बोल्टासाठीही वेगळी वाट धरली होती. फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने १८६४ साली ६० अंशांचा, सपाट माथ्याचा आटा सुचवला. त्याचे म्हणणे कारागिराचे होते: गोलसर माथा आणि ५५ अंश नेमके घडवायला अनेक हत्यारे लागतात, ६० अंश मात्र साध्या समभुज त्रिकोणाने तपासता येतो. बरोबरच होते ते. पण त्यामुळे इंग्रजी बोलणाऱ्या दोन देशांचे बोल्ट कित्येक दशके जुळले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने ब्रिटनचे मर्लिन विमान-इंजिन बनवायला घेतले तेव्हा इंजिनातला प्रत्येक आटा ब्रिटिश ठेवावा लागला, आणि तसले टॅप-डाय अमेरिकेत मिळत नसल्याने तेही कंपनीला स्वतः बनवावे लागले. अखेर नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांवर सही केली. आजचा मिलिमीटरचा आटाही ६० अंशांचाच आहे. व्हिटवर्थ बोल्टातून मागे हटला. तरी नळाच्या पाइपात तो अजून आहे: अर्धा इंची पाइपाला इंचामागे १४ आटे, कोन ५५ अंश. (आट्यांवर मोजाल तर व्यास जवळजवळ २१ मिलिमीटर भरेल, 'अर्धा इंच' हे मूळ आतल्या पोकळीचे नाव. मुलांना मोजायला द्या, चांगला वाद होतो.)

आणि तो सूक्ष्मदर्शकात आहे. काही मोठ्या कंपन्यांनी त्यांच्या नव्या महागड्या यंत्रांसाठी २५ किंवा २७ मिलिमीटर व्यास आणि ०.७५ पिच घेतली आहे. म्हणजे आमचा ०.७५ अगदीच हवेतला नव्हता, फक्त चुकीच्या यंत्रावर होता. शाळा-कॉलेजातले बहुतेक सूक्ष्मदर्शक १८५८ च्या मापावरच चालतात. या आट्याचे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्याच्या नावातच चार पंचमांश इंच आणि एक छत्तीसांश इंच हे आकडे आहेत. मिलिमीटरच्या जगाने इथे इंचाला हात लावलेला नाही. जगभर लाखो वस्तुभिंगे त्या भोकांत बसतात. ती बदलायची कोणी आणि कशासाठी?

१२७ दात्यांचे चाक

माप कळले. आता ते काकांच्या लेथवर काढायचे होते. त्यांच्या लेथचा लीड स्क्रू मिलिमीटरचा, पिच ६. लेथचा नियम सोपा आहे. जॉबची पिच भागिले लीड स्क्रूची पिच, एवढे चालक आणि चालित चाकांच्या दात्यांचे गुणोत्तर हवे. जुन्या इंची लेथवर, ज्याच्या लीड स्क्रूला इंचामागे ४ आटे असतात, हे काम चुटकीसरशी झाले असते: ४ भागिले ३६ म्हणजे १/९. म्हणजे २०/६० आणि ३०/९० ही चाके. काका हळहळले, "तसला लेथ होता माझ्याकडे. चार वर्षांपूर्वी भंगारात दिला."

मिलिमीटरच्या लेथवर इंच काढायचा तर मध्ये २५.४ येतो. दशांश चिन्ह घालवून ते लिहा: १२७/५. आणि १२७ ही मूळ संख्या आहे. तिचे अवयव पडत नाहीत, म्हणून लहान चाकांच्या जोड्यांनी ती बनत नाही. १२७ दात्यांचे एक अख्खे चाकच लागते. आयटीआयमध्ये टर्नरची मुले '५ पी एन भागिले १२७' असे सूत्र पाठ करतात, ते इंची लीड स्क्रूवर मिलिमीटरची पिच काढायचे असते. पी म्हणजे हवी ती पिच, एन म्हणजे लीड स्क्रूचे इंचामागचे आटे. ते १२७ कुठून आले हे फार थोड्यांना कोणी सांगते. गणिताच्या तासाला मूळ संख्यांचा उपयोग काय असे मुले विचारतात, तेव्हा हे उदाहरण जरूर द्यावे.

तसे पाहिले तर इंच नेमका २५.४ कधीच नव्हता. ब्रिटिश इंच त्याहून किंचित कमी होता, अमेरिकी किंचित जास्त, २५.४०००५ मिलिमीटर. कारखान्यांत अचूक मापासाठी वापरायचे पोलादी ठोकळे बनवणारा स्वीडनचा योहान्सन याने दोन्हींच्या मधला सोयीचा २५.४ धरला. त्याचे ठोकळे कारखान्यांत पसरले, १९३० च्या सुमारास उद्योगांनी तो आकडा मानला आणि १९५९ साली इंग्रजी बोलणाऱ्या देशांनी आपला इंच अधिकृतपणे २५.४ मिलिमीटर केला. म्हणजे इंचाची व्याख्या मिलिमीटरमध्ये झाली, आणि १२७ चे चाक अंदाजे होते ते त्या दिवसापासून तंतोतंत झाले.

काकांकडे १२७ चे चाक नव्हते. वीसपासून पाच-पाचच्या टप्प्याने १२० पर्यंतची चाके होती. आम्ही कागदावर मांडले: २५.४ भागिले ३६, त्याला भागिले ६. अपूर्णांक आला १२७/१०८०. उलटा करून पाहिला, १०८० भागिले १२७ म्हणजे ८.५०३९. साडेआठ! मग गुणोत्तर साधारण २/१७. आम्ही अजून सतरा दात्यांचे चाक कुठे मिळेल याचा विचार करत होतो, तोवर काका म्हणाले, "सतरा पंचे पंच्याऐंशी. वीस-पंच्याऐंशी, चाळीस-ऐंशी लावतो." गुणून पाहा: २० गुणिले ४०, भागिले ८५ गुणिले ८०. बरोबर २/१७.

यातून पिच येते १२/१७ मिलिमीटर, म्हणजे ०.७०५९. हवी होती ०.७०५६. प्रत्येक आट्याला चूक सुमारे तीन दशसहस्रांश मिलिमीटर. सात आट्यांत मिळून ०.००२३. कातलेल्या पितळेचा खडबडीतपणाच याच्या आसपास असतो. इथे अचूकतेचा अर्थ लांबीवर अवलंबून आहे हे ध्यानात घ्यावे. पाच मिलिमीटरच्या आट्यात ही चूक दिसत नाही. पण हीच चाके लावून कोणी एक मीटरचा लीड स्क्रू कातला तर शेवटच्या टोकाला जवळजवळ अर्धा मिलिमीटर चुकेल. टर्नर लोकांमध्ये १२७ च्या ऐवजी ६३ चे चाक लावायची युक्ती प्रसिद्ध आहे, तिचे मर्म असेच: १२७ गुणिले ६३ म्हणजे ८००१, आणि १६० गुणिले ५० म्हणजे ८०००. आठ हजारात एकाची चूक. म्हणून १२७/१६० च्या जागी ५०/६३ चालून जाते, बोल्टाला खुशाल, लीड स्क्रूला नाही.

आणखी एक गोष्ट आम्ही तिथे उभे राहून शिकलो. आटे एका फेरीत पूर्ण होत नाहीत. टूल थोडे-थोडे आत घेत तीच वाट आठ-दहा वेळा चालावी लागते. नेहमीच्या पिचला लीड स्क्रूवरचे नट उघडून टूल हाताने मागे आणतात आणि खूण पाहून पुन्हा बंद करतात. काकांनी ते एकदाही उघडले नाही. दर वेळी टूल आट्याबाहेर घेऊन मशीन उलटे फिरवून मागे आणले. इंच आणि मिलिमीटर एकत्र आले की वाट चुकते, असे ते म्हणाले. हिशेब करून पाहिला. १२७ चे नेमके चाक असते तर जॉबचे आटे आणि लीड स्क्रूचे आटे पुन्हा एका रेषेत यायला लीड स्क्रूचे १२७ फेरे, म्हणजे ७६२ मिलिमीटर जावे लागले असते. सहा मिलिमीटर रुंदीच्या बुशात ती संधी कुठली? (७६२ मिलिमीटर म्हणजे अडीच फूट, जुन्या बार्शी लाइटच्या रुळांमधले अंतर.) आमच्या २/१७ ला दर १२ मिलिमीटरवर मेळ बसला असता, पण काकांना तीस वर्षांची सवय मोडायची नव्हती, आणि आम्हीही आग्रह केला नाही.

टूलही नव्याने घासले. त्यांच्याकडचे तयार टूल ६० अंशांचे होते. व्हिटवर्थच्या पात्याला लावून ते ५५ वर आणायला पाऊण तास गेला. चकती लेथवर बांधून झिजलेले भोक मध्यावर आणायला त्याहून अधिक, कारण भोक जरा तिरपे गेले तर भिंगाचा अक्ष सरकणार आणि एका भिंगावरून दुसऱ्यावर जाताना नमुना नजरेआड होणार. मग भोक तेवीस मिलिमीटरपर्यंत मोठे केले, बुश ठोकून बसवले आणि आतले आटे शेवटी, जागेवरच पाडले. भिंग लावून पाहिले. पहिला आटा, दुसरा, तिसरा, आणि तसेच खांद्यापर्यंत, बोटाच्या हलक्या जोराने.

शाळेत बाईंनी कांद्याची पात मंचावर ठेवली आणि दहाच्या भिंगावरून पंचेचाळीसच्या भिंगावर चकती फिरवली. पेशी थोड्या डावीकडे सरकल्या, पण नजरेत राहिल्या. रजिस्टरातल्या त्या शेऱ्यावर त्यांनी लाल शाईने काट मारली. उरलेल्या दोन चकत्या घेऊन आम्ही पुढच्या शनिवारी पुन्हा गाळ्यात गेलो. काकांनी चाकांचे आकडे लेथमागच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवले होते: २०/८५, ४०/८०. त्याखाली 'शाळा'. आमच्या ०.७५ च्या तर्काचे पहिले बुश खिळ्याला टांगलेले होते. त्याचे पैसे त्यांनी लावले नव्हते.